बडोद्यातली साखळी प्रार्थना

बडोद्याला मी बहिणीला आणायला निघाले होते. भेटायला नाही, फिरायला नाही, आणायला. हे आधीच सांगून टाकते, कारण गुरुवारी सकाळी नाशिकच्या बस स्थानकावर चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत जो तो विचारत होता, ‘काय मावशी, राजवाडा बघायला का?’ मी म्हटलं, ‘नाही हो, एका वेड्या बाईला घरी आणायला.’ मग कोणी काही विचारलं नाही.

ती वेडी बाई म्हणजे माझी धाकटी बहीण सरला. तिचे यजमान शमुवेल बडोद्याच्या एका छोट्या मराठी मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक होते. आम्हा ख्रिस्ती लोकांत पाळकाला राहायला घर मिळतं ते मंडळीचं. बावीस वर्षं दोघं त्या दोन खोल्यांत राहिली. गेल्या पावसाळ्यात शमुवेल गेले. मूलबाळ नाही. मंडळीनं सरलेला सहा महिन्यांची मुदत दिली, ती या रविवारी संपत होती. सोमवारी नवे पाळक बायको आणि तीन लेकरांना घेऊन यायचे होते. त्यांचंही बरोबरच आहे, ती लेकरं काय रस्त्यावर झोपतील?

मी फोनवर विचारलं, ‘सरले, घर बघितलंस?’ तर म्हणे, ‘प्रभू देईल, ताई.’ मी फोन आपटला. हल्लीचे फोन धड आपटताही येत नाहीत, म्हणून गादीवर आपटला.

मीही ख्रिस्तीच आहे. रविवारची उपासना चुकवत नाही, जेवणाआधी डोळे मिटते. पण एकतीस वर्षं शाळेत पोरं हाकली आहेत. गृहपाठ न करता ‘बाई, देव करील’ म्हणणाऱ्याला मी बाकावर उभं केलं असतं. यजमान गेल्यापासून आठ वर्षं एकटी राहते, पाणी-लाईट-गॅस सगळं स्वतः बघते. आणि ही म्हणे, प्रभू देईल!

बस वणी मागे टाकून सापुताऱ्याचा घाट चढू लागली. थंडी सरत आलेली, सागाची वाळलेली पानं रस्त्यावर ताटाएवढी पसरलेली. घाटातल्या एका वळणावर माझ्या पिशवीतली लिंबाच्या लोणच्याची बरणी कलंडली. आणायलाच निघाले होते तर लोणचं कशाला नेलं, असं विचारू नका. बहिणीच्या घरी रिकाम्या हातानं जायची सवय नाही. तेल पाझरलं ते थेट शेजारच्या गुजराती गृहस्थाच्या पांढऱ्या पायजम्यावर. मी ओशाळून रुमाल काढला, तर ते हसून म्हणाले, ‘चालशे, बेन (चालेल, ताई). धोवाई जशे (धुतलं जाईल).’ आणि पुढच्या वळणाला पुन्हा घोरायला लागले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. सगळं जग असं ‘चालशे’ म्हणत झोपलंय आणि जागं राहायचं काम तेवढं माझ्याकडे.

संध्याकाळी बडोद्यात उतरले. रिक्षावाल्यानं ‘क्यां जवुं छे, मासी (कुठे जायचंय, मावशी)?’ विचारलं आणि फतेगंज म्हणताच निघालासुद्धा. लष्कराच्या बाजूची मोठी झाडं, स्कूटरवरून तिघं-तिघं जाणारी कॉलेजची मुलं, नाक्यानाक्यावर खाण्याच्या गाड्या. एका मागच्या गल्लीत मंडळीची इमारत. खाली प्रार्थनेची खोली, वर पाळकांचं घर.

वर गेले तर सरला स्टुलावर चढून खिडकीच्या काचा पुसत होती.

‘हे काय चाललंय?’

‘अगं ताई! आलीस? नव्या पाळकबाईंना घर स्वच्छ मिळायला नको का? तीन लहान मुलं आहेत त्यांना.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोपऱ्यात पाच खोकी दोरीनं बांधून ठेवलेली, वर खडूनं ‘भांडी’, ‘पुस्तकं’, ‘अंथरूण’ असं लिहिलेलं. सामान तयार होतं. जायचं कुठे, ते ठाऊक नव्हतं.

‘सोमवारी ही खोकी कुठे जाणार, सरले?’

‘सोमवारपर्यंत कळेल.’

‘नाशिकला जाणार. मी मागची खोली रंगवून घेतलीय. पलंग घेतलाय.’

ती स्टुलावरून उतरली, माझा हात हातात घेतला. ‘ताई, ते इथल्या मातीत आहेत. मंडळीतल्या माझ्या बायका इथे आहेत, दर बुधवारची आमची सभा आहे. मला इथंच राहायचंय. मी प्रभूला तसं सांगितलंय.’

‘आणि त्यानं काय सांगितलं?’

‘चिंता करू नकोस म्हणाला.’

‘घराचा पत्ता नाही सांगितला?’

ती हसली. मी त्या रात्री जेवले नाही. म्हणजे जेवले, पण रागानं जेवले.

शुक्रवारी सकाळी मी तिला घेऊन घरं बघायला बाहेर पडले. तिला इथंच मरायचं असेल तर निदान छपराखाली मरू दे. मनात मात्र होतं की दोन-चार ठिकाणी नकार आले की आपोआप नाशिकची बस धरेल. रावपुऱ्यात एक खोली पाहिली ती तिसऱ्या मजल्यावर, जिना असा उभा की सरलेचे गुडघे पहिल्याच वळणावर बोलायला लागले. दुसऱ्या ठिकाणी मालकीणबाईंनी खोली दाखवण्याआधी आमच्या ताटात काय असतं ते विचारलं. सरलेनं खरं ते सांगितलं, ‘रविवारी कधी मटण, कधी मासे.’ बाईंनी हात जोडले. तिसऱ्यानं नाव विचारलं, आडनाव विचारलं, देव कुठला ते विचारलं, आणि खोली अचानक कालच गेलेली निघाली.

‘बघ,’ मी म्हटलं, ‘बघ तुझ्या प्रभूचं शहर.’

‘त्यांचाही तोच प्रभू आहे, फक्त त्यांना ठाऊक नाही,’ सरला म्हणाली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दुपारी नाक्यावर उभ्यानं सेव-उसळ खाल्ली. वाटाण्याचा तिखट रस्सा, वर मूठभर शेव, कांदा, पाव आणि तरी वेगळी मागायची. डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, इतकी चांगली उसळ मी नाशकात खाल्लेली नाही, आणि त्याचाही राग आला. या गावात मला काही आवडायला नको होतं.

परतताना विश्वामित्री नदीच्या पुलावर माणसं कठड्याला टेकून खाली बघत होती. आम्हीही पाहिलं. चिखलाच्या काठावर मगर पसरली होती, चांगली दोन माणसांच्या लांबीची. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत मगरी राहतात आणि बडोदेकरांना त्याचं काही वाटत नाही. मगरीच्या तोंडापासून हातभर अंतरावर एक पांढरा बगळा चिखलात काहीतरी टिपत फिरत होता.

‘बघ ताई, पाखरू,’ सरला म्हणाली. पाखरं पेरत नाहीत, साठवत नाहीत, तरी त्यांना मिळतं, हे प्रभूचं बोलणं आम्ही दोघी लहानपणापासून ऐकत आलोय. तिला तेच म्हणायचं होतं.

‘पाखरू दिसतंय. शेजारी कोण झोपलंय तेही दिसतंय,’ मी म्हटलं. ‘पाखरांची गोष्ट सांगणाऱ्यांनी मगरीचंही सांगावं.’

‘बगळ्याला मगर दिसत नाही असं वाटतं का तुला?’ सरला म्हणाली. ‘दिसते. तरी तो खातोय.’

मी तिला हाताला धरून पुलावरून पुढे नेलं.

संध्याकाळी मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, दिनकरराव भेटायला आले. रिफायनरीतून निवृत्त झालेले, उंच, पांढरीशुभ्र मिशी, बोलणं अर्धं मराठी अर्धं गुजराती. ‘ताई, फिकर ना करो (काळजी करू नका). उद्या आपण आपल्या पाळकबाईंच्या, सरलाबाईंच्या घरासाठी साखळी प्रार्थना ठेवलीय. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. तमे पण (तुम्ही पण) अर्धा तास घ्या.’

साखळी प्रार्थना म्हणजे एकामागून एक माणसानं आत जाऊन गुडघे टेकायचे. आतला माणूस मागून येणारा गुडघे टेकेपर्यंत उठत नाही, म्हणजे साखळी तुटत नाही. आमच्याकडेही असते. खालच्या दाराला कागद चिकटवला होता, वेळा आणि नावं लिहून. चोवीस नावं, चारला तर जोडपं! मी ती वाचत उभी राहिले आणि माझं डोकं फिरत गेलं. चोवीस माणसं अर्धा अर्धा तास देवाचा कान खाणार, आणि एकानंही ‘बाई, आठ दिवस आमच्याकडे राहा’ एवढं म्हटलं नव्हतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. तरी साडेतीनची तेवढी एक जागा रिकामी होती, तिथे मी नाव लिहिलं. न लिहिणारी एकटी मी ठरले नसते का?

शनिवारी साडेतीनला आत गेले. माझ्या आधी दिनकरराव होते. ते मोठ्यानं प्रार्थना करत होते, अगदी मनापासून, रडत. ‘बापा, या तुझ्या दासीनं बावीस वर्षं आमचे अश्रू पुसले. आज तिला डोकं टेकायला जागा नाही. तूच दार उघड, बापा. आम्ही माणसं कमजोर आहोत.’ माझेही डोळे ओले झाले, खोटं कशाला बोलू. मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला. ते आमेन म्हणून उठले आणि घाईनं बाहेर गेले. दार अर्धवट उघडं राहिलं, त्यांचं बोलणं मला आत ऐकू येत होतं.

‘हां, बोलो भाई... नळ? पाणी वाहे छे (पाणी वाहतंय)? अरे, फ्लॅट तर बंद आहे... चावी माझ्याकडेच छे, आत्ता येतो.’

मी डोळे उघडले. प्रार्थनेत डोळे उघडू नयेत, ठाऊक आहे. मी उठले आणि चप्पल न घालता बाहेर गेले.

‘दिनकरराव, कुठला फ्लॅट?’

‘अं? आमचाच, ताई. कारेलीबागेत, आम्ही राहतो त्याच सोसायटीत, तळमजल्यावर. मुलासाठी घेतला होता. तो कॅनडाला गेला. चार वर्षं बंद आहे.’

‘आणि तुम्ही आत काय मागत होतात आत्ता?’

‘पाळकबाईंना घर,’ ते म्हणाले. आणि मग थांबले.

त्यांच्या हातात चाव्यांचा जुडगा होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, पण तो माणूस पायरीवर मटकन बसला.

‘सुचलंच नाही, ताई. देवासमोर सांगतो, साचुं कहूं (खरं सांगतो), सुचलंच नाही.’

मग मी ओरडलेच. खूप ओरडले. ‘अर्धा तास रडलात हो तुम्ही! चाव्या खिशात घेऊन रडलात! देवानं काय करायचं होतं, तुमच्या खिशात हात घालायचा होता? चिंता करू नका, चिंता करू नका, जो तो तिला सांगतोय. तिच्या वाट्याची चिंता तुम्ही करायची होती, म्हणून तिला करू नको म्हटलंय!’ गल्लीतले लोक जमले. चारच्या पाळीचं जोडपं वेळेआधीच आलं, ते दारातच थबकलं. आत कोणीच नव्हतं. साखळी तुटली होती, आणि ती मी तोडली होती. त्याचं मला काहीही वाईट वाटलं नाही.

दिनकरराव स्कूटर काढून निघून गेले. मी वर धावले. ‘सरले, घर मिळालं! तुझ्या चोवीस माणसांनी नाही, मी मिळवलं!’

तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, ‘तू त्यांना सगळ्यांसमोर असं बोललीस?’

‘बोलले. पुन्हा बोलेन.’

‘लाजून दिलेलं घर मला नको, ताई.’

मी कपाळावर हात मारला. ‘मग मर रस्त्यावर! सहा महिने घर मागतेस आणि आलं तर कुठल्या तोंडानं आलं ते बघतेस?’ तिनं एका खोक्याची दोरी घट्ट केली. मग हळूच म्हणाली, ‘मी नाशिकला यावं असं तुला वाटत होतं. मग फ्लॅटचं कशाला काढलंस?’

हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रागाच्या भरात मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. मी गप्प राहिले असते तर सोमवारी ही खोकी माझ्या मागच्या खोलीत आली असती. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि रडले, आणि ते तिच्यासाठी नव्हतं.

रविवारी सकाळी उपासनेच्या आधी दिनकररावांच्या पत्नी सुमनबाई वर आल्या. ठेंगण्या, अबोल बाई. चाव्या त्यांच्या हातात होत्या.

‘पाळकबाई, ह्यांनी सांगितलं,’ त्या म्हणाल्या. ‘ह्यांना सुचलं नाही, पण मला सुचलं होतं. पहिल्याच महिन्यात सुचलं होतं.’

‘मग?’ मी विचारलं. सरलेनं माझ्यावर डोळे वटारले.

‘मुलगा परत येईल असं वाटायचं. दुसरं कोणी राहायला आलं की तो येणार नाही हे पक्कं होईल, अशी भीती. दर शनिवारी मी एकटी जाऊन झाडून यायची. त्याच्या खोलीत बसायची.’ त्यांनी चाव्या सरलेच्या ओंजळीत ठेवल्या. ‘लाजून नाही देत. मला तिथं कोणीतरी हवंय. तुम्ही या. माझ्यासाठी या.’

सरलेनं चाव्या घेतल्या आणि त्यांना जवळ घेतलं. मला दोघींचाही राग आला. सहा महिने एक बाई घरासाठी प्रार्थना करत होती, चार वर्षं दुसरी माणसासाठी, दर रविवारी एकाच बाकावर बसून, आणि एकमेकींना चकार शब्द नाही! देव ऐकतो म्हणून शेजारणीला सांगायचंच नाही, असं कुठे लिहिलंय?

उपासनेनंतर टेम्पो आला. पाच खोकी, एक कपाट, शिवणयंत्र. बायकांनी उंधियुं (मातीच्या मडक्यात शिजवतात ती थंडीतली मिश्र भाजी) आणि पुऱ्या आणल्या. दिनकररावांनी नळ स्वतः दुरुस्त केला होता. मला पाहून ते बाजूला झाले. मी म्हटलं, ‘दिनकरराव, जास्त बोलले मी.’ ते म्हणाले, ‘ना ताई, मापात बोललात.’ खिडकीबाहेर पेरूचं झाड होतं, गुडघ्यांना जिना नव्हता. घर चांगलं होतं. मला नावं ठेवायला जागाच ठेवली नव्हती.

सोमवारी सकाळी सरला मला बसपर्यंत सोडायला आली. मी खिडकीत बसले. शेजारची जागा रिकामी होती. ती खाली उभी राहून सांगत होती, पाणी पी, पोचल्यावर फोन कर. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

‘सरले, मला एकटीला भीती वाटते गं. न्हाणीघरात पाय घसरला तर कोण बघेल? मी तुला नेत होते ती तुझ्यासाठी नव्हे.’

पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं. पाहू देत.

सरला बसच्या पत्र्याला हात लावून उभी राहिली. ‘आठ वर्षांत एकदा तरी बोलायचंस, ताई.’

‘तुला सुचायला नको?’

‘नाही सुचलं,’ ती म्हणाली. तिचे डोळे भरले. ‘देवासमोर सांगते, नाही सुचलं. तू सगळ्यांवर एवढी चिडतेस, मला वाटायचं तुला कोणाची गरजच नाही.’ बस हलली. ती सोबत चालत म्हणाली, ‘इस्टरला ये. महिनाभर राहा. आणि प्रभूलाही सांग. तू त्याच्याकडे कधी मागतच नाहीस, नुसती भांडतेस.’

घाट उतरून नाशिक येईपर्यंत मी तिच्याशी मनातल्या मनात वाद घालत होते. अजूनही घालते. घर मिळालं म्हणून सगळ्या मंडळीनं साक्ष दिली, प्रभूनं पुरवलं म्हणून. पुरवलं, मान्य. पण चार वर्षं पुरवून ठेवलेलं होतं, कुलपात, आणि आम्ही सगळे कुलपाबाहेर गुडघे टेकून बसलो होतो. दिनकररावांना मी पायरीवर बसवलं, पण आठ वर्षं माझं तोंड बंद होतं, त्याला कुलूप मीच घातलं होतं. भरवसा म्हणजे झोपलेल्या माणसाचं ‘चालशे’ असं मी समजत होते. सरलेचा भरवसा तसा नव्हता. ती मागत होती, सामान बांधत होती आणि काचा पुसत होती.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. रंगवलेली खोली, नवा पलंग, कोणी नाही. मी पलंगाला धरून गुडघे टेकले, ते कुरकुरले. म्हटलं, ‘बापा, मला भीती वाटते. तुझी पुरवायची रीत मला पसंत नाही, तू माणसं फार सावकाश जागी करतोस. पण मागते. आजच्या रात्रीपुरती सोबत दे. उद्याचं उद्या भांडू.’